गळू पिकेपर्यंत

मंडळी, आजचा विषय जरा ठसठसणारा आहे. पण इतिहासाचाच आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. शाळेत मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला तो राजांचा, तहांचा आणि सनावळ्यांचा. दुखण्यांनाही इतिहास असतो हे क्रमिक पुस्तकात कुठेच नव्हतं. घरातल्या एका आजारपणामुळे (त्याविषयी पुढे सांगते) मी एकाच प्रश्नाच्या मागे लागले. मानेत खोलवर पू झाला तर सुरी लावायची, की औषध देऊन थांबायचं? वाटलं होतं की हा फार आधुनिक प्रश्न असेल, स्कॅन आणि अँटिबायोटिक आल्यानंतरचा. वाचायला बसले तर प्रश्न सुश्रुताच्या दारात उभा!

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सतरावा अध्याय आहे, तो सगळा कच्च्या आणि पिकलेल्या सुजेवर. सुश्रुताने सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. कच्ची सूज कडक असते, कातडीचा रंग बदललेला नसतो, दुखणंही बेताचं. पिकायला लागली की सुया टोचल्यासारखं, मुंग्या चावल्यासारखं होतं, ताप येतो, तहान लागते, माणसाला बसवत नाही की निजवत नाही. पिकली की ठणका उतरतो, कातडीला सुरकुत्या पडतात, आणि बोटाने दाबलं तर आतला पू पखालीतल्या पाण्यासारखा इकडून तिकडे सरकतो. हे ज्याला ओळखता येतं तोच वैद्य, बाकीचे चोर, असं त्याचं मत. कच्चं कापणारा आणि पिकलेलं तसंच ठेवणारा, दोघांनाही त्याने एकाच ओळीत बसवून फार कडक शब्द वापरले आहेत. ते शब्द आज कोणी उच्चारू नयेत असे आहेत, म्हणून देत नाही. पण कारणं त्याने दिली आहेत. कच्चं कापलं तर शिरा-स्नायू तुटतात, रक्त जातं. पिकलेलं ठेवलं तर पू आत आत वाट काढतो आणि मोठी पोकळी करून बसतो.

मला थांबवलं ते पुढच्या भागाने. तो म्हणतो, काही सुजा इतक्या खोल असतात की पिकल्याची खूण वर येतच नाही. कातडीचा रंग नेहमीचा, हाताला गार, दगडासारखी घट्ट, दुखणंही थोडं. वैद्याला वाटतं अजून कच्चीच आहे, आणि आत मात्र पू झालेला असतो. अशा वेळी फसू नका. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा मजकूर आहे, आणि मानेतल्या खोल गळवाबद्दल आजचे कान-नाक-घसावाले डॉक्टर हेच सांगतात. खूण वर दिसत नाही, हीच तर या दुखण्याची सगळी अडचण.

आता आपल्या घरांतला इतिहास. पुस्तकातलं सुश्रुताचं शस्त्र मधल्या काळात वैद्यांच्या हातातून बरंचसं सुटलं. गळू फोडण्याचं काम गावात न्हावी करायचा, नाहीतर फिरता वैदू. नस्तर हा शब्द आजच्या मुलांना माहीत नसेल. छोटं धारदार पातं. 'नस्तर मारलं' म्हणजे गळू फोडलं. आणि नस्तर मारण्याआधी ते पिकवायचं, त्यासाठी पोटीस. कल्याणला आमच्या वाड्यात अळशीचं पोटीस व्हायचं, अळशी नसेल तर कणकेचं, हळद घालून. गरम फडक्यात गुंडाळून ते मानेवर ठेवलं की भाऊ जो किंचाळायचा! पुढे अँटिफ्लोजिस्टिनचा पत्र्याचा डबा आला. तो गरम पाण्यात ठेवून आतला लेप सुरीने फडक्यावर फासायचा. वास अजून आठवतो. आजी रोज सकाळी बोटाने चाचपून 'अजून कच्चं आहे' किंवा 'झालं तयार' असा निकाल द्यायची. आजी निरक्षर होती, पण सतरावा अध्याय तिला येत होता म्हणायचा.

हे सगळं वरच्या गळवांपुरतं ठीक. खोल गळवाला पोटीस पोहोचत नाही.

कल्याणचा विषय निघालाच आहे तर प्लेगचं सांगते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर मुंबईहून सुटणाऱ्या उतारूंची तपासणी कल्याण स्टेशनावर व्हायची. गाड्या थांबवून माणसं उतरवायची, ताप बघायचा आणि जांघेत, काखेत, मानेत गाठ आहे का ते चाचपायचं. बायकांनाही. त्यावरून केवढा संताप उसळला होता तो त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहे. रोज लाखो माणसं ज्या फलाटांवरून धावत लोकल पकडतात, तिथे एके काळी प्रत्येकाच्या मानेवर सरकारी हात फिरत होता! गाठ सापडली की पुढे काय, याचं उत्तर मात्र कोणाकडे नव्हतं. गाठ पिकली तर चिरून पू काढत. पण गाठ कापली म्हणून प्लेग हटत नसे, कारण विष रक्तात गेलेलं असायचं. आणि औषध म्हणावं असं औषध अजून पन्नास वर्षं यायचं होतं. हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतलेली लस होती, पण ती आधी घ्यायची. एकदा गाठ आली की सुरीही अपुरी आणि औषधही नाही.

सुरीची भीती तेव्हा लोकांना होती ती उगाच नव्हती. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे आपल्या आनंदीबाई, १८८३ ते १८८६ फिलाडेल्फियात डॉक्टरकी शिकत होत्या. तेव्हा लिस्टरने जखम जंतुमुक्त ठेवण्याची रीत मांडून (१८६७) वीसही वर्षं झाली नव्हती, आणि सगळ्या सर्जनांनी ती मनावर घेतलेली नव्हती. म्हणजे एक पू काढायला जावं आणि दुसरा घेऊन यावं असा काळ. आनंदीबाई स्वतः क्षयाने गेल्या, २६ फेब्रुवारी १८८७ ला. वय पुरतं बावीसही नाही. असो, त्यांच्यावर पुन्हा कधीतरी स्वतंत्र लिहीन.

मानेतलं गळू एवढं वाईट का? आमच्या भाचीने (ती डॉक्टर आहे) मला कागदावर चित्र काढून समजावलं. मानेत स्नायू, नळ्या, शिरा या पातळ पडद्यांत गुंडाळलेल्या असतात, आणि पडद्यांमध्ये सांदी असतात. चाळीत दोन भिंतींमध्ये बोळ असतो ना, तसं. एरवी ती जागा मिटलेली. पू झाला की तो या बोळांतून सरकतो. खालच्या दाढेच्या मुळाशी सुरू झालेला पू जिभेखाली येतो, तिथून घशाच्या बाजूला, तिथून घशाच्या मागे, आणि मागची एक सांद थेट छातीत उतरते. अमेरिकन सर्जन हॅरिस मोशर याने १९२९ मध्ये मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या वेष्टनाला तिथल्या एका हमरस्त्याचं नाव दिलं होतं, लिंकन हायवे. आपण जुना आग्रा रोड म्हणू. एकदा गाडी त्या रस्त्याला लागली की थांबवणं कठीण.

दुसरं भय श्वासाचं. जिभेखालची सूज जीभ वर आणि मागे ढकलते आणि श्वासाची वाट बंद होते. हा प्रकार १८३६ मध्ये जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या लुडविग नावाच्या डॉक्टरने नीट लिहून ठेवला, म्हणून त्याचं नाव त्या दुखण्याला. जबड्याखाली लाकडासारखी कडक सूज, तोंड उघडत नाही, आणि काही दिवसांत मृत्यू. अँटिबायोटिक येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रोगी दगावत. जॉर्ज वॉशिंग्टन गेला तोही घसा सुजून, १४ डिसेंबर १७९९ ला, एक दिवसाच्या दुखण्यात. त्याचं गळू होतं की दुसरी सूज यावर डॉक्टर मंडळी अजून वाद घालतात. पण त्याच्या उशाशी तीन डॉक्टर होते, आणि त्यांतला वयाने सर्वांत लहान, एलिशा डिक, म्हणत होता की आता रक्त काढू नका, श्वासनलिकेला छेद द्या. दोघा वडीलधाऱ्यांनी मानलं नाही. त्या दिवशी त्याचं काही शेर रक्त मात्र काढलं गेलं. छेद दिला असता तर तो वाचला असता की नाही कोण सांगणार! पण दवाखान्याच्या पॅसेजमध्ये उभं राहून नातेवाईक जो वाद घालतात, तो राष्ट्राध्यक्षाच्या पलंगाशीही झाला होता.

मग विसाव्या शतकात औषध आलं आणि तराजूच हलला. जर्मनीत गेरहार्ट डोमाक याला प्राँटोसिल नावाच्या लाल रंगात जंतू मारायची ताकद सापडली होती. १९३५ मध्ये त्याच्याच लहान मुलीच्या हातात सुई घुसून हात पिकला. सर्जनांनी चिरे दिले, पू वाढतच गेला, शेवटी हात कापायची भाषा सुरू झाली. बापाने आपलं औषध दिलं आणि हात वाचला. त्या घराण्यातल्याच गोळ्या पुढे आपल्याकडे एम. बी. ६९३ आणि सिबाझॉल या नावांनी आल्या. माझ्या वयाच्या वाचकांना सिबाझॉलची पांढरी गोळी कुटून जखमेवर टाकलेली आठवत असेल.

पेनिसिलीनची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. पण तिच्यातला पहिला रोगी मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अल्बर्ट अलेक्झांडर, ऑक्सफर्डचा पोलीस. चेहऱ्यावर, डोक्यावर, डोळ्यात पू. चिरून चिरून थकले होते. १२ फेब्रुवारी १९४१ ला इंजेक्शन सुरू झालं आणि चोवीस तासांत ताप उतरू लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत. पाच दिवसांत साठा संपला. पू परतला, आणि १५ मार्चला तो गेला. औषध बरोबर होतं, पुरलं नाही.

आपल्याकडे ते पुरावं म्हणून पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. १९५५ पासून तिथे पेनिसिलीन बनू लागलं. आम्हा मुलांसाठी पेनिसिलीन म्हणजे कंपाउंडरचा स्टोव्ह आणि त्यावर उकळणारी काचेची सिरिंज. पण घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात बदल झाला तो मला आठवतो. 'नस्तर कधी मारायचं?' ऐवजी 'इंजेक्शनने बसेल का?' असं विचारू लागले. बसेल म्हणजे जिरेल. गळू बसवता येतं ही कल्पनाच त्या पिढीला नवी होती.

आता उलटी बाजू, कारण एका प्रकारच्या गळवाला सुरी लावणं हाच अपाय होता. माझी आत्या मानेवरून पदर कधी खाली येऊ द्यायची नाही. तिला मुलगी असताना गंडमाळा झाल्या होत्या. मानेतल्या गाठींचा क्षय. त्या गाठी पिकतात, पण ठणकत नाहीत, तापत नाहीत, म्हणून त्याला गार गळू म्हणतात. गावाकडे कोणा वैदूने ते साध्या गळवासारखं चिरलं. जखम भरेना. एक तोंड मिटलं की शेजारी दुसरं फुटायचं. तीन वर्षं मान वाहत होती, आणि त्या तीन वर्षांत तिची दोन स्थळं मोडली. क्षयाचं गार गळू असं सरळ चिरायचं नसतं. पू काढायचाच झाला तर सुईने, बाजूच्या चांगल्या कातडीतून, आणि खरा उपाय म्हणजे औषध. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, पास त्यानंतर, आयसोनायाझिड १९५२ मध्ये. आत्याला ही औषधं पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी मिळाली आणि मान कोरडी झाली. वण राहिले. पुढे लग्न झालं, संसार चांगला झाला, पण फोटो काढताना ती नेहमी मान एका बाजूला वळवायची. आमच्या घरातल्या सगळ्या ग्रुप फोटोंत ती अशीच आहे.

इंग्लंडात या रोगाला राजाचा रोग म्हणत, कारण राजाने स्पर्श केला की तो बरा होतो अशी समजूत. शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सनला लहानपणी आईने लंडनला नेऊन १७१२ मध्ये राणी ॲनचा हात लावून घेतला होता. त्याच्या गाठी चिरल्याही होत्या. राणीच्या हाताने गुण आला नाही, आणि चिरल्याचे व्रण जन्मभर मानेवर राहिले. माझ्या आत्याला हे सांगायला हवं होतं, तिला बरं वाटलं असतं.

आता घरचं. माझे धाकटे दीर, डोंबिवलीलाच असतात. वय बासष्ट, साखर जुनी. खालची दाढ आठ दिवस दुखत होती. लवंग, मग दुखणं मारायच्या गोळ्या. नवव्या दिवशी जबड्याखाली सूज. लाल नाही, ठणका फारसा नाही, पण हाताला पाटासारखी घट्ट. जाऊबाई म्हणाल्या, 'भाऊजींना फोन करा, ह्यांचा आवाज बदललाय.' तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, लाळ गिळवेना, आडवं झालं की गुदमरायचे. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नेलं. स्कॅन केला. जिभेखाली आणि जबड्याखाली सूज, आणि त्यात पुवाचा छोटा साठा, दीड-दोन सेंटीमीटरचा.

सर्जन तरुण होता, पण बोलणं स्पष्ट. म्हणाला, सगळ्यात आधी श्वास. भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तयार ठेवतो, रुग्ण आयसीयूत. शिरेतून अँटिबायोटिक आणि साखरेसाठी इन्शुलिन. साठा लहान आहे, एकाच जागी आहे, तेव्हा चोवीस तास बघू. उतार पडला नाही तर उघडायचं.

आणि मग पॅसेजमध्ये आमच्या घराचे दोन पक्ष झाले. पुतण्या म्हणत होता, पू दिसतोय तर आत्ताच का कापत नाहीत? जाऊबाई म्हणत होत्या, साखरेच्या माणसाला कापायचंच नाही, जखम भरत नाही, औषधं वाढवा. दोघांचं म्हणणं भीतीतून आलेलं, आणि दोन्ही भीती खऱ्या. मला तेव्हा १९२४ सालचं पुणं आठवलं. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना अपेंडिक्ससाठी ससूनला आणलं होतं. 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टरांवर एवढी टीका करणारा माणूस. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर मुंबईहून यायला वेळ नव्हता. १२ जानेवारीच्या रात्री त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात. ज्यांनी कैदेत टाकलं त्यांच्याच सर्जनच्या हाती देह द्यायचा. मी पुतण्याला एवढंच म्हटलं की सही करायची वेळ आली तर तू कर, आणि डॉक्टर चोवीस तास म्हणतायत तर चोवीस तास थांब. जाऊबाईंना म्हटलं, उद्या ते कापायचं म्हणाले तर अडवू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप तसाच होता आणि सूज गळ्याच्या मध्यापर्यंत उतरली होती. पुन्हा स्कॅन. साठा वाढून शेजारच्या सांदीत गेलेला. सर्जन बाहेर आला आणि म्हणाला, आता नाही थांबायचं. दिरांना जागं ठेवूनच नाकातून दुर्बिणीने श्वासाची नळी घातली, कारण झोपवलं की घसा मिटायची भीती. जबड्याखाली आडवा छेद, पू बाहेर, रबराची नळी ठेवली, आणि मूळ कारण असलेली दाढ त्याच वेळी काढली. बारा दिवसांनी घरी आले. जखम भरली, साखर असूनही. जाऊबाई अजून म्हणतात की पहिल्याच दिवशी औषध वाढवलं असतं तर कापावं लागलं नसतं. पुतण्या म्हणतो पहिल्याच दिवशी कापलं असतं तर चार दिवस आधी घरी आले असते. दोघांनाही मी चहा देते.

भाचीला मी विचारलं की नियम काय. ती म्हणाली, एकच असा नियम नाही. पू थोडा असेल, दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत, एकाच जागी, श्वासाला त्रास नाही, रोगी स्थिर, तर शिरेतून औषध देऊन एक-दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघतात, आणि काहींना तेवढ्यावर उतार पडतो. साठा मोठा असेल, एकाहून जास्त सांदींत गेला असेल, श्वास अडत असेल किंवा औषधाने फरक नसेल, तर उघडायचंच. कधी मधला मार्ग, सोनोग्राफीत बघून सुईने पू ओढायचा. मुलांमध्ये औषधावर जास्त भागतं, मोठ्यांमध्ये, त्यातून मधुमेह्यांमध्ये, तेवढा भरवसा धरत नाहीत. मोठ्यांचं मूळ बहुधा दातांत सापडतं, आणि तो दात तसाच ठेवून नुसता पू काढला तर पू परत येतो. मी तिला सतरावा अध्याय वाचून दाखवला. खोल सुजेचा भाग तिने दोनदा वाचायला लावला आणि मोबाईलवर फोटो काढून घेतला.

ठाण्याच्या जुन्या सिव्हिल हॉस्पिटलात, विठ्ठल सायन्नांच्या नावाच्या इमारतीत, पन्नास-साठ साली काम केलेल्या नर्स किंवा कंपाउंडरांपैकी कोणी कोणाच्या नात्यात असेल तर त्यांच्या आठवणी मला हव्या आहेत. आणि कोणाच्या माळ्यावर आजोबांची नस्तरं गंजत पडली असतील तर फेकू नका, आधी फोटो काढून मला पाठवा.